मदत हवी आहे : लेकीने कोणत्या चौकोनात खूण करावी?

नमस्कार मंडळी. मी सांगलीची, नवरा कृष्णवर्णीय अमेरिकन, आम्ही राहतो न्यू जर्सीत. लेक अकरा वर्षांची. परवा शाळेच्या फॉर्ममध्ये वंशाचा रकाना भरताना तिने 'एशियन'वर खूण केली, खोडली, मग 'ब्लॅक'वर केली, तीही खोडली. कागद तिथे पार विरला होता. हळूच म्हणाली, "आई, एकच निवडलं तर दुसऱ्याला वाईट वाटेल ना?" पोटात कालवलं माझ्या.

दोन्हींवर खूण चालते, हे सांगितलं; जनगणनेतही २००० पासून तशी मुभा आहे. हे चौकोन माणसांनीच आखलेत, हेही सांगितलं. १९२३ साली इथल्या सर्वोच्च न्यायालयाने भारतातून आलेल्या भगतसिंग थिंड यांना 'गोरे नाहीत' म्हणून नागरिकत्वाला अपात्र ठरवलं. १९३० आणि १९४०च्या जनगणनेत आपल्या लोकांचा वंश 'हिंदू' लिहीत, मग धर्म कोणताही असो. १९७०ला आपण गोऱ्यांत मोजले गेलो, १९८०ला 'एशियन इंडियन' झालो. माणसं तीच!

हे तिला पटलं. पण वर्गात मुली विचारतात, "तू नक्की कोण?" आणि आमच्या गणपतीत बायका तिच्या कुरळ्या केसांना हात लावून बघतात. ती आता यायलाच नको म्हणते.

ज्यांची मुलं अशी दोन्हीकडची आहेत, किंवा जे स्वतः असे वाढलेत, त्यांनी कृपया सांगा : तुम्ही काय बोललात? कशाने बळ मिळालं? आणि माझी आई फोनवर दरवेळी मायेनेच विचारते, "रंग उजळला का गं तिचा?" लेक शेजारीच असते, तिला मराठी कळतं. आईला न दुखवता हे कसं थांबवू?