मदत हवी आहे: बहिणीला वाटतं आपलं दूध पुरतच नाही, सारखी रडते

ताईंनो, धाकटी बहीण बाळंतपणाला माहेरी आलीय, बाळ महिन्याचं होऊन गेलं. वजन छान वाढतंय, दिवसाला सहाच्या वर लंगोट ओले होतात, डॉक्टर म्हणतात दूध भरपूर आहे, पण बघायला येणारी प्रत्येक बाई 'पुरतंय का गं? वरचं दे की' म्हणते आणि हिला आता तेच खरं वाटतं. अळीव, शतावरी सगळं चालूय (आईचा लाडवांवर फार विश्वास!). सुरुवातीचं रडू दोनेक आठवड्यांत ओसरतं ना, हिचं वाढतच चाललंय, बाळ झोपलं तरी ही टक्क जागी. टेली-मानसला (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) १४४१६ वर कोणी फोन केलाय का, मराठीत नीट बोलतात? की सरळ मानसोपचारतज्ज्ञांकडे नेऊ? आणि तिच्याशी बोलताना काय बोलू नये तेही सांगा प्लीज.