विषय: तीनदा एअर काढली, तरी रिव्हर्स पडेना

प्रेषक: सुदामानगर

नमस्कार मंडळी,

आपल्या इंदूरच्या मंडळाच्या मेल-यादीवर गाडीचं रडगाणं लावते आहे, चिटणीसांनी रागावू नये. आपल्यातली निम्मी काका मंडळी पीथमपूरच्या कारखान्यांतून निवृत्त झालेली, मग दुसरीकडे कुठे विचारू?

गाडी नऊ वर्षांची, डिझेल, क्लच हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा. गेल्या महिन्यात क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग असा सगळा सेट बदलला. घरी आणली तेव्हा पेडल अगदी लोण्यासारखं. चौथ्या दिवशी ओंकारेश्वरहून परत येताना भेरूघाटात ट्रकांची रांग लागली. मी पहिला गिअर टाकून, क्लच पूर्ण दाबून उभी, आणि गाडी आपली हळूहळू पुढच्या ट्रककडे निघाली! हँडब्रेक ओढला म्हणून वाचले. सासूबाई मागे बसून "नर्मदे हर" म्हणत होत्या, ते दर्शनाच्या पुण्याईनं की भीतीनं, कळलं नाही.

तेव्हापासून रिव्हर्स टाकला की खर्रर्र. पेडल दोन-तीनदा मारलं की मात्र पडतो. मिस्त्री म्हणतो, "मॅडम, एअर रह गई होगी." म्हणजे क्लचच्या तेलात हवा अडकली असेल. ती तीनदा काढून झाली. गॅरेजमध्ये तो दाबून दाखवतो तेव्हा सगळं ठीक असतं, भंवरकुव्याच्या सिग्नलला आले की पुन्हा तेच. आता म्हणतो, गिअरबॉक्स परत उतरवावा लागेल, मजुरी नव्यानं. काय करू?

प्रेषक: लोकमान्य नगर

ताई, हे तर सरळ आहे. प्लेट उलटी बसवली असणार. आमच्या साडूंच्या जीपला अगदी हेच झालं होतं. गिअरबॉक्स उतरवू द्या, पण मजुरी देऊ नका!

प्रेषक: राजेंद्रनगर

ताई, थांबा. काहीही उतरवू नका. आणि निदान होईपर्यंत ती गाडी घाटात तर नाहीच, छप्पन दुकानच्या गर्दीतसुद्धा नेऊ नका.

लोकमान्य नगरच्या भाऊंची माफी मागून सांगतो, प्लेट उलटी असती तर पहिल्या दिवसापासून गिअर अडला असता. तुमचं पेडल चार दिवस लोणी होतं. शिवाय उलटी प्लेट पेडल दोनदा मारल्यानं सुलटी होत नाही. पंप केल्यावर सुधारणारं दुखणं लोखंडात क्वचित असतं. ते तेलात असतं, नाहीतर रबरात.

आता एक गोष्ट नीट आठवून सांगा, सगळं तिच्यावर आहे. पेडल *मऊ* लागतं की *खाली जातं*? आपल्याकडे क्लचच्या प्रत्येक दुखण्याला "एअर" म्हणायची पद्धत आहे, जसं लहान मुलाच्या प्रत्येक तापाला दात येतायत म्हणतात. हवा दाबली जाते, म्हणून पेडल स्पंजासारखं होतं. पण दाबली की दाबलीच, पाय स्थिर ठेवला तर पेडलही स्थिर राहतं. पाय स्थिर असताना पेडल सरकत असेल तर तेल कुठून तरी निसटतंय. हवा काढून ते थांबणार नाही.

घरच्या घरी हे बघा. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाका. सहज पडले तर गिअरबॉक्स आणि दांड्या ठीक, क्लच सुटत नाहीये, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होत नाहीये, एवढंच खरं. मग सपाट जागी, हँडब्रेक ओढून, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू करा आणि क्लच *हळूहळू* दाबून मिनिटभर तसाच धरा. एकदा झटक्यात दाबूनही बघा. फरक जाणवतो का? मग पेडलच्या वर, जिथे दांडी फायरवॉलमध्ये, म्हणजे इंजिन आणि आपल्या पायांमधल्या पत्र्यात शिरते, तिथे बोट फिरवून ओल लागते का पाहा, आणि खाली गिअरबॉक्सपाशी छोट्या सिलिंडरचं रबरी टोपणही बघून घ्या. शेवटी बोनेटखाली क्लचच्या तेलाची बाटली असते, तिच्यातल्या तेलाची पातळी आणि रंग. ते तेल गाडीच्या रंगाला लागलं तर रंग खातं, म्हणून बोनेटवर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा.

प्रेषक: चिटणीस

सर्व सभासदांना विनंती: गणेशोत्सवाची वर्गणी अजून बावीस घरांकडून येणे आहे. विषय बदलून मेल पाठवला तर कुणी वाचत नाही, म्हणून इथेच लिहितो. क्लचचं चालू द्या, मलाही रस आहे.

प्रेषक: सुदामानगर

काका, यजमानांनी आणि मी मिळून सगळं केलं.

इंजिन बंद असताना गिअर सगळे पडतात. झटक्यात दाबलं तर पेडल घट्ट, रिव्हर्सही पडतो. हळू दाबून धरलं तर पंधरा-वीस सेकंदांत पाय आपोआप खाली जातो, जणू कुणी खालून ओढतंय. मऊ नाही हो, सरकतंच. ओल कुठेच नाही, वर नाही, खाली नाही. पातळीही तसूभर उतरलेली नाही. पण तेल काळं झालंय, आणि मिस्त्रीनं तिसऱ्यांदा एअर काढताना नवीन भरलं होतं! हे कसं?

प्रेषक: राजेंद्रनगर

ताई, तुमच्या काळ्या तेलानं उत्तर दिलं. नव्या तेलात तो काळेपणा रबराचा आहे.

पेडलला जोडलेला वरचा मास्टर सिलिंडर आतून निसटतोय. पिस्टनवरच्या रबरी वॉशरची कड झिजली की दाबलेलं तेल पुढे न जाता त्याच कडेवरून मागे येतं आणि बाटलीत परत जातं. बाहेर थेंब नाही, पातळी कमी नाही, तरी पेडल जमिनीला. झटक्यात दाबलं की दाब एकदम वाढतो, कड भिंतीला चिकटते आणि धरून ठेवते. हळू दाबलं की तेलाला फट सापडते. म्हणून गॅरेजमध्ये ठीक आणि भंवरकुव्याला बिघाड. मिस्त्री खोटं बोलत नाही, तो झटक्यात दाबतो एवढंच.

आणि हे झालं कशानं? रोजच्या वापरात पिस्टन सिलिंडरच्या ठराविक भागात पुढेमागे होतो. त्यापुढचा तुकडा नऊ वर्षं कुणी पुसलेला नाही. क्लचमध्ये असतं ते ब्रेक ऑइलच, ते हवेतलं पाणी शोषतं, तिथे गाळ आणि गंज बसतो. एअर काढताना पेडल पार जमिनीपर्यंत धाडधाड मारलं की जुनं मऊ रबर पहिल्यांदाच त्या खरबरीत भागावर घासतं. प्लेट बदलताना खालचा सिलिंडर काढला असेल, तेव्हा एकदा मारलं असणार. मग आणखी तीनदा. दुखणं आधी अर्धं होतं, औषधानं पुरं केलं. कारखान्यात आम्ही नव्या पोरांना जुन्या गाडीच्या पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवायला लावायचो, पाय शेवटपर्यंत जाऊच नये म्हणून.

खात्री हवी तर मिस्त्रीला सांगा, खालच्या सिलिंडरकडे जाणारा रबरी होज गुळगुळीत जबड्याच्या क्लॅम्पनं दाबून धर. नुसत्या पकडीनं नको, होज फाटेल. होज बंद असतानाही पेडल सरकलं तर दोष वर. घट्ट राहिलं तर खाली, आणि मग मी माझे शब्द मागे घेतो.

वरचा सिलिंडर अख्खा नवा घ्या, नुसतं वॉशर किट नको. भिंत खरबरीत असेल तर नवं रबरही तीच वाट धरेल. खालच्याचं रबर त्याच वयाचं आहे, तेही याच हातानं बदलून टाका. तेल बाटलीच्या झाकणावर लिहिलेलं तेच, डॉट ३ किंवा डॉट ४, सीलबंद डब्यातलं. इंजिन ऑइल चुकूनही नको, रबर फुगतं. डॉट ४ कोरडं असताना निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असं मानक आहे, पाणी शोषलेल्याला तीच मर्यादा १५५ वर येते. म्हणून जुना उघडा डबा फुकट मिळाला तरी नको.

शेवटचं, आणि इथेच पुढची भानगड होते. नवा सिलिंडर बसवला की मिस्त्री पेडल "कडक" करून देतो, गिऱ्हाईक खूश. पण सुरुवातीला पेडलला काही मिलिमीटर मोकळी चाल हवीच. ती नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, बाटलीकडचं बारीक छिद्र झाकलेलं राहतं, तेल तापून फुगलं की परत जायला जागा नाही, आणि क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो. मग नवी कोरी प्लेट घाटात घसरून जळते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असेल.

प्रेषक: लोकमान्य नगर

साडूंना फोन केला. त्यांच्या जीपला पहिल्याच दिवशी गिअर पडत नव्हता म्हणे. मागे घेतो.

प्रेषक: सुदामानगर

काका, होज दाबला तरी पेडल सरकलं. मिस्त्री दोन मिनिटं गप्प, मग म्हणाला, "ऊपरवाला ही है." यजमानांना वाटलं देवाचं नाव घेतोय.

दोन्ही सिलिंडर बदलले. तुम्ही म्हणालात तस्संच झालं, पेडल दगडासारखं कडक आणि मोकळी चाल शून्य. मी बोटानं दाबून दाखवलं, म्हटलं इथे आधी थोडं सैल हवं. त्यानं कुरकुरत लॉकनट सोडला, दांडी जराशी फिरवली, आणि स्वतःच दोनदा दाबून बघत म्हणाला, "हाँ, अब सही है." गिअरबॉक्स उतरवायची मजुरी वाचली, ती वर्गणीत टाकली आहे. चिटणीसांनी तेवीसवं घर धरू नये, आम्ही बाविसातलेच.

काल भंवरकुव्याला अख्खा सिग्नल क्लच हळू दाबून धरला. पाय जिथे होता तिथेच. जुना पिस्टन मागून आणलाय, वॉशरच्या कडेला नखाएवढी चीर आहे. रविवारी राजेंद्रनगरला दाखवायला आणते. अर्धा डबा डॉट ४ उरलंय, तेही हवं का?

प्रेषक: राजेंद्रनगर

पिस्टन आणा. डबा नको. आणि सिग्नलला मिनिटभर क्लच दाबून उभं राहायची सवय सोडा, न्यूट्रल करत जा, नवं रिलीज बेअरिंग दुवा देईल.