नवीन प्रणाली बसवल्यानंतर लॅपटॉपचे रिझोल्यूशन १०२४ × ७६८ च्या पुढे जात नाही

प्रश्न

माझ्या लॅपटॉपचा पडदा १५.६ इंची असून त्याचे मूळ रिझोल्यूशन १३६६ × ७६८ आहे. त्यावरची विंडोज काढून मी नुकतीच लिनक्स बसवली. पेन ड्राइव्हवरून पहिल्यांदा सुरू करताना पडदा काळाच राहिला, म्हणून सुरुवातीच्या यादीतील ‘सेफ ग्राफिक्स’ हा पर्याय निवडला आणि पुढचे सारे काम सुरळीत झाले. आता मात्र डिस्प्ले सेटिंग्जमध्ये १०२४ × ७६८ हा एकच पर्याय दिसतो, अक्षरे पुसट वाटतात आणि वर्तुळे आडवी ताणल्यासारखी दिसतात. एक्सरँडआर ही आज्ञा वापरून स्वतः रिझोल्यूशन जोडण्याचा प्रयत्न केला, पण ते स्वीकारले गेले नाही. पडद्याचा प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या कळाही चालत नाहीत. त्यासाठी वेगळा प्रश्न विचारीन.

पहिले उत्तर

लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून ग्राफिक्स ड्रायव्हर उतरवून घ्यावा. माझ्याकडे विंडोजवर अशीच अडचण आली होती, आणि ड्रायव्हर बसवताच ती दूर झाली.

दुसरे उत्तर

वरील उपाय विंडोजसाठी योग्य आहे, परंतु लिनक्समध्ये इंटेल आणि एएमडी यांचे ड्रायव्हर कर्नलबरोबरच (प्रणालीच्या गाभ्याबरोबरच) येतात, त्यामुळे ते वेगळे शोधण्याची सहसा गरज नसते. प्रश्नकर्त्याने एक्सरँडआरच्या उत्तरात पडद्याचे नाव काय दिसते ते कृपया सांगावे.

प्रश्नकर्ता

नाव ‘डिफॉल्ट’ असे दिसते. आणखी एक शंका आहे: रिझोल्यूशनचा तपशील काढून देणाऱ्या सीव्हीटी या आज्ञेला मी १३६६ हा आकडा दिला, तरी तिने १३६८ का काढून दिला?

दुसरे उत्तर देणारे

सीव्हीटीच्या हिशेबात रुंदी आठच्या पटीत धरली जाते आणि १३६६ ला आठने निःशेष भाग जात नाही, म्हणून १३६८ आले. तुमच्या अडचणीशी त्याचा संबंध नाही.

खरी खूण ‘डिफॉल्ट’ या नावात आहे. ड्रायव्हर नीट चालू असता तर तेथे ‘ईडीपी-१’ किंवा जुन्या यंत्रांवर ‘एलव्हीडीएस-१’ असे नाव आले असते. ‘सेफ ग्राफिक्स’ निवडल्यावर कर्नलला ‘नोमोडसेट’ हा शब्द दिला जातो, आणि तो असेपर्यंत ग्राफिक्स ड्रायव्हर पडद्याचा ताबा घेत नाही. बूट होताना जे रिझोल्यूशन मिळाले त्यावरच प्रणाली चालत राहते. हा शब्द बसवलेल्या प्रणालीतही उतरला असावा, असा माझा अंदाज आहे. तसे असेल तर हाताने कितीही रिझोल्यूशने जोडली तरी उपयोग होणार नाही.

कायमचा बदल करण्याआधी तात्पुरती चाचणी करावी. यंत्र सुरू होताना ग्रबची (प्रणाली सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामची) यादी आणावी (ती आपोआप दिसत नसेल तर यंत्राचे प्रारंभिक सॉफ्टवेअर जुने बायॉस असल्यास शिफ्ट दाबून ठेवावी, नवे यूईएफआय असल्यास एस्केप दाबावी), ‘ई’ दाबून ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीतून ‘नोमोडसेट’ काढावा आणि एफ१० दाबावे. पडदा पुन्हा काळा झालाच तर यंत्र बंद करून सुरू करावे. हा बदल साठवला जात नसल्याने काहीही बिघडत नाही. चाचणी यशस्वी झाली, तरच ‘ईटीसी’मधील ‘डिफॉल्ट’ या फोल्डरातल्या ‘ग्रब’ फाइलमधून तो शब्द काढावा आणि प्रणाली उबुंटू किंवा डेबियनच्या वंशातील असल्यास ‘अपडेट-ग्रब’ चालवावे.

तिसरे उत्तर

चाचणीपूर्वी सर्व अद्यतने बसवून घ्यावीत. पेन ड्राइव्हवरील कर्नल जुना असल्यामुळे पडदा काळा राहिला असेल, तर नव्या कर्नलवर तो प्रश्न कदाचित उरणारही नाही. मात्र एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड असून सिक्युअर बूट (सुरू होताना सॉफ्टवेअरची स्वाक्षरी तपासणारी सोय) चालू असेल, तर स्वाक्षरी नसलेला ड्रायव्हर लोड होत नाही, हे ध्यानात ठेवावे.

प्रश्नकर्ता

ग्राफिक्स इंटेलचेच आहे. अद्यतने बसवून चाचणी केली. पडदा क्षणभर काळा झाला आणि मग थेट १३६६ × ७६८ वर उजळला. फाइलमध्ये ‘नोमोडसेट’ खरोखरच होता, तो काढला. प्रकाशाच्या कळाही आता चालू लागल्या आहेत, त्यामुळे दुसरा प्रश्न विचारण्याची गरज उरली नाही.