पहिलं नाणं कुठून आलं? मराठवाड्यातल्या संग्राहकांचे अनुभव

जुन्या गावाची पांढरी, म्हणजे वस्तीची जमीन, पावसानं धुतली की खापरं, मणी वर येतात, कधी एखादं नाणंही. कुणाला ते वावरात सापडलं, कुणाला देव्हाऱ्यात, कुणाला आठवडी बाजारात. पोरवयात लागलेला हा नाद नोकरी-संसारातही का सुटला नाही, ते लिहा. किमती नकोत. सुरुवात मी करतो.

पैठण. शेजारच्या काकांच्या डबीत मी पहिलं नाणं पाहिलं, करंगळीच्या नखाएवढं, काळपट. एका बाजूला सोंड वर केलेला हत्ती, दुसऱ्या बाजूला अधिकच्या खुणेनं जोडलेली चार वर्तुळं. सातवाहनांचं पोटीन, म्हणजे तांबं, कथील आणि शिसं एकत्र वितळवलेलं. हत्तीच्या वरती काही रेघा होत्या, त्या मला नक्षी वाटायच्या. काका म्हणाले, "नक्षी नाही बाबा, ब्राह्मी हाय. राजाचं नाव हाय त्यात." त्यांनी वहीत त्या जुन्या लिपीची अक्षरं काढून दिली. एका सुट्टीत ती मी गिरवली आणि मग त्या रेघांतून 'सातकणि', म्हणजे सातकर्णी, वाचता आलं. दोन हजार वर्षांपूर्वी याच गावात राज्य करणाऱ्या राजाचं नाव मी, शाळकरी पोरानं, कुणी न सांगता वाचलं होतं! ठसा मोठा आणि नाणं लहान, त्यामुळं एका नाण्यावर सहसा पूर्ण नाव येत नाही. एकावर 'रञो सिरि' (राजा श्री), तर पुढची अक्षरं दुसऱ्यावर. उरलेल्या अक्षरांसाठी पुढचं नाणं बघावंच लागतं. माझा नाद टिकला तो या अपुऱ्या ओळींमुळं. अजून 'गोतमीपुतस' हे आईचं नाव सांगणारी अक्षरं एखाद्या नाण्यावर नीट दिसली की मी घरातल्या सगळ्यांना हाका मारतो.

उदगीर. माझं नाणं आज्जीच्या देव्हाऱ्यातलं. लक्ष्मीपूजनाला निघायचा तो चांदीचा रुपया, चारमिनारवाला. कमानीत एक अक्षर होतं. आज्जी म्हणायची, "ह्यो हाली, कलदार न्हाई." हाली म्हणजे निजामाचं चलन, कलदार इंग्रजांचं. तिच्या तोंडी हिशेबही होता: सात हालीचे सहा कलदार. कमानीतलं अक्षर मात्र तिला ठाऊक नव्हतं. ते शेजारच्या चाचीनं वाचून दिलं: ऐन, निजाम उस्मान अली खानांचा. दुसऱ्या एका रुपयावर मीम होता, तो महबूब अली खानांचा. चाचीनंच मला उर्दू आकडे शिकवले आणि मी हिजरी सनावरून इसवी सन काढायला लागले. १७ सप्टेंबर १९४८ नंतरही, निजामाचं राज्य गेल्यावरही, काही वर्षं हाली चालूच होता, हे पोरांना सांगितलं की त्यांना खरं वाटत नाही. सासरी येताना मी दागिन्यांच्या डब्याआधी ती पिशवी उचलली होती.

जालना. आमच्याकडं मोडीची भांडी घेणारा शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, तांब्याच्या भावानं द्यायचा, तागडीत टाकून. 'श्री राजा शिव' आणि मागं 'छत्रपति'. देवनागरी असल्यामुळं शिकवणारा लागला नाही. पण कुठं 'ति' ऱ्हस्व, कुठं दीर्घ, कुठं अक्षरांची मांडणी वेगळी. तेवढ्यावर माझी कित्येक वर्षं आनंदात गेली.

छत्रपती संभाजीनगर. देवगिरी किल्ल्यावर शाळेची सहल जायची तेव्हा गुरुजी तुघलकाची गोष्ट सांगायचे: १३२७ ला राजधानी आणली, मग चांदीच्या टंक्याच्या मोलानं पितळी-तांब्याची नाणी काढली. गोष्टीत तो वेडा राजा होता. पुढं एका संग्राहकाकडं दौलताबादच्याच टांकसाळीचं ते नाणं हातात आलं. त्यावर लिहिलंय की सुलतानाची आज्ञा पाळणारा ईश्वराची आज्ञा पाळतो. लोकांचा विश्वास बसावा म्हणून धर्माची साक्ष काढलेली, आणि तरी घरोघर खोटी नाणी पडली, कारण नक्कल सोपी होती. त्या दिवसापासून राजाला वेडा म्हणणं मी सोडलं. नाण्यावरचा प्रत्येक शब्द कुणीतरी विचार करून घातलेला असतो, आणि तो विचार शोधण्यात मला फार गोडी वाटते.

पैठणच्या भावाला जोगळटेंभीच्या ठेव्याची आठवण देतो. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात तिथं क्षत्रप राजा नहपानाची १३ हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यातल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला. हरलेल्या राजाचा चेहरा खालून अजून दिसतो.

तेर. आमच्या गावातलं संग्रहालय रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंवर उभं आहे, म्हणून इथल्या पोरांना नाद लावावा लागत नाही. मी शिक्षिका आहे, पोरं खिशातून नाणी काढून दाखवतात. त्यांना तीन गोष्टी सांगते. नाणं चिंच-रांगोळीनं घासायचं नाही, वरचा थर गेला की अक्षरंही जातात. शिशाचं असेल तर लाकडी पेटीत ठेवायचं नाही, पांढरी भुकटी धरते. आणि जमिनीत हंडा, गाडगं असं काही लागलं तर आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे, १० रुपयांच्या वरचा ठेवा सरकारला सांगावाच लागतो. मागच्या पावसाळ्यात सहावीतल्या एका मुलीनं सापडलेलं नाणं वहीत दोन्ही बाजूंनी काढून आणलं, जागा आणि तारीख लिहून. मी तिला ब्राह्मीचा तक्ता दिलाय. ती आता 'सिरि' वाचते.