अनुभव धागा: गाडीचं पिकअप गेलं, कारण नक्की काय निघालं?

घरची सात सीटर डिझेल एसयूव्ही. सगळी माणसं आणि सामान भरलं की चढाला गाडी ओढत नाहीये असं बरेच दिवस वाटत होतं, मग डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि ॲक्सिलरेटर कितीही दाबा, गाडी पुढे जोर धरेना. बंद करून परत चालू केली की थोडा वेळ ठीक. हा लिंप मोड, इंजिनला अजून इजा नको म्हणून कॉम्प्युटर स्वतःच ताकद कमी करतो. स्कॅनरवर पी०२९९ हा दोषाचा कोड आला, म्हणजे टर्बोचं (इंजिनात दाबाने जास्त हवा भरणारा पंखा) प्रेशर हवं तेवढं बनत नाहीये. गॅरेजवाले लगेच म्हणाले टर्बो बदला. मला ते पटेना, कारण प्रेशर कमी आहे एवढंच तो कोड सांगतो, का कमी आहे ते नाही. म्हणून आधी इंटरकूलरचे (टर्बोकडून आलेली हवा थंड करणारा भाग) पाईप उघडायला लावले. एका रबरी होजला खालून क्लॅम्पजवळ चीर होती, वरून बघितलं तर दिसणारच नाही अशी, आणि भोवती ऑइलचा ओलसर थर. गाडी उभी असताना चीर मिटलेली राहायची, लोड आला की उघडायची. होज बदलला आणि ताकद परत आली, टर्बो जुनाच आहे.

तुमचेही अनुभव लिहा. लक्षण काय होतं आणि दोष कसा पकडला ते सविस्तर येऊ द्या, नुसतं "अमुक पार्ट बदलला" यातून दुसऱ्याला काही कळत नाही.

---

आमची पेट्रोल आहे. ओव्हरटेक करताना गाडी झटके द्यायला लागली आणि चेक इंजिनचा दिवा नुसता लागला नाही तर लुकलुकत होता. दिवा लुकलुकला की कृपा करून गाडी दामटू नका, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाईनमध्ये जाऊन धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवून खराब करतं. कोड पी०३०२, म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर मिस करतोय, त्यात पेट्रोल नीट जळत नाहीये. मेकॅनिकने दोन आणि तीन नंबरची इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगला वीज देणारी) आपापसात बदलली आणि कोड पुसून चक्कर मारून आणली, तर आता पी०३०३. कॉइलबरोबर दोष सरकला म्हणजे कॉइलच गेलेली. एकही पार्ट विकत न घेता निदान झालं, मला ही पद्धत फार आवडली.

---

वरच्या पेट्रोलवाल्यांनी कन्व्हर्टरचं लिहिलंय ते अगदी खरं. आमच्या गाडीचा तोच चोक झाला होता. सुरुवातीला पिकअप ठीक, पण आरपीएम वाढला की इंजिन गुदमरल्यासारखं. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या जागी प्रेशर गेज लावलं तर रेस दिल्यावर काटा वर चढतच गेला, म्हणजे धुराला पुढे जायला वाटच नव्हती.

---

डिझेल, बहुतेक वापर शाळा-ऑफिस-बाजार असा जवळचा. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, भरला. याची काजळी जाळायला आतमध्ये साधारण ६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं आणि जवळच्या फेऱ्यांमध्ये ते होतच नाही, जाळायला सुरुवात झाली की आपण गाडी बंद करतो. सर्व्हिस सेंटरला स्कॅनर लावून रिजनरेशन (साठलेली काजळी जाळून काढणं) करून दिलं, गाडी मोकळी झाली, पण लवकरच परत तेच. दुसऱ्या एका जाणत्या मेकॅनिकने सांगितलं की डीपीएफ भरतोय हे ठीक, पण एवढी काजळी येतेय कुठून ते शोधा. थोडा धूर परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह कार्बनने अर्धवट उघडा अडकलेला निघाला, त्यामुळे ताज्या हवेच्या जागी धूरच परत इंजिनात जात होता. तो साफ करून पुन्हा रिजनरेशन केलं. आणि एक, ज्यांचं रिजनरेशन सारखं अर्धवट राहतं त्यांनी डिपस्टिक जरूर बघा, बऱ्याच इंजिनांत काजळी जाळायला सोडलेलं जास्तीचं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि लेव्हल वाढते. वाढलेली लेव्हल दिसली तर आधी ऑइल बदला, पातळ झालेलं ऑइल टर्बोच्या बेअरिंगला मारतं.

---

एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं घरटं. दहा मिनिटांचं काम. आधी तिथे बघत जा.

---

पी०२९९ आमच्याकडेही, पण होज सगळे धडधाकट. व्हेरिएबल टर्बोच्या आतल्या पात्या हलवायला व्हॅक्यूम लागतो, त्याची बारीक नळी इंजिनच्या उष्णतेने तडकली होती. हातपंपाने त्या पात्या हलवणाऱ्या ॲक्चुएटरला थेट व्हॅक्यूम दिला तर दांडा पूर्ण हलला आणि तिथेच थांबला, म्हणजे टर्बो निर्दोष, गळती त्याच्या अलीकडच्या नळीत.

---

लाईव्ह डेटावर (गाडी चालू असताना स्कॅनरवर दिसणारे आकडे) माझा सगळ्यात जास्त भरवसा. आमच्या डिझेलला कोडच नव्हता, फक्त चढाला दम जायचा. बाजूला एकाला स्कॅनर घेऊन बसवलं आणि लोडमध्ये गाडी चालवली. टर्बोचं प्रेशर मागितलं तेवढं मिळत होतं, पण फ्युएल रेलचं (इंजेक्टरना डिझेल पुरवणारी नळी) प्रेशर मागणीपेक्षा खाली पडत होतं, म्हणजे हवा आहे, डिझेल पोचत नाहीये. डिझेल फिल्टर काढला तर काळाकुट्ट आणि तळाशी पाणी. फिल्टर बदलून त्याच चढावर परत आकडे बघितले, मागणीची आणि मिळालेल्या प्रेशरची, दोन्ही रेषा एकत्र चालल्या. उभ्या गाडीत हे कधीच दिसलं नसतं, चाचणी लोडमध्येच घ्या.