युगांडा ट्रिप: "बाट्वा कल्चर" करावं का?

भटकभवानी:
डिसेंबरात युगांडाला चाललोय, गोरिला बघायला. परमिटच माणशी 800 डॉलर त्यामुळे बाकी सगळीकडे हात आखडता. टूरवाल्याने मधे अर्धा दिवस "बाट्वा कल्चर" घुसवलंय, म्हणजे जंगलातले मूळचे लोक नाचून दाखवणार, काड्या घासून विस्तव करून दाखवणार वगैरे. बायको म्हणते माणसं काय बघायची, प्राणिसंग्रहालय आहे का ते. मलाही कसंतरीच वाटतंय. कोणी गेलंय का?

कंपालाकर:
दोनदा गेलोय. तुम्ही ज्या ब्विंडीच्या जंगलात गोरिला बघणार ते यांचंच घर होतं हो. 1991 ला ब्विंडी आणि मगाहिंगा नॅशनल पार्क झाले आणि यांना बाहेर काढलं. शेतीवाल्यांना थोडीफार भरपाई मिळाली कारण दाखवायला शेत होतं पीक होतं, यांच्याकडे काय तर मध, रानातले कंद, शिकारीची जाळी आणि पानांची खोपटी, त्याचा पंचनामा कोण करणार? बहुतेकांना दमडी नाही. मग दुसऱ्याच्या शेतात मजुरी आणि त्याच्याच बांधाला झोपडी, मालक म्हणेल तोवर.
पहिल्यांदा लॉजवाल्याने नेलं होतं. रस्त्याकडेला पाच मिनिटं उड्या मारल्या, टिपचा डबा फिरला, खल्लास. लाज वाटली.

रानवेडा:
पण पार्क केलं नसतं तर गोरिला राहिले असते का? 2018 च्या गणनेत ब्विंडी आणि त्याला लागून असलेलं काँगोतलं सारांब्वे मिळून 459 निघाले, हे विसरू नका.

कंपालाकर:
मान्य, पण जंगल तोडत कोण होतं? शेतीवाले आणि लाकूड कापणारे. बाट्वा तर सांगतात आम्ही गोरिला खातच नाही. 2021 ला तिथल्या घटनात्मक कोर्टाने पण मान्य केलं की पुरेशी भरपाई न देता यांना बाहेर काढलं. सरकार लगेच वरच्या कोर्टात गेलं.

सह्याद्रीपुत्र:
आमच्या रायगडात कातकऱ्यांचं काय झालं, खैर तोडायला बंदी आली, काताचा धंदा बसला, आता दिवाळीनंतर अख्खी वाडी वीटभट्टीवर. तरी आपल्याकडे 2006 चा वनहक्क कायदा कागदावर तरी आहे.

भटकभवानी:
मग जाऊच नको का?

कंपालाकर:
जा की, पण लॉजवाला शो नको. मगाहिंगाला बाट्वा ट्रेल आहे, पार्कवाल्यांनी बाट्वांच्याच संघटनेबरोबर काढलेली. वाटाड्या बाट्वाच. आमचा म्हातारा होता, एकेक पाला खुडून वास घ्यायला लावायचा, हा पोटदुखीला, हा तापाला. शेवटी गारामा नावाची गुहा. आत मिट्ट काळोख, आणि एकदम बायकांचं गाणं सुरू झालं, नुसत्या टाळ्यांवर, दिसत कोणीच नव्हतं. बाहेर आल्यावर विचारलं, आजोबा तुम्ही या जंगलात कधीपर्यंत राहायचात, तर म्हणाला, आता गाइडच्या ड्रेसवर आत सोडतात.

भटकभवानी:
बापरे. टूरवाल्याला फोन केला, पैसे कोणाला जातात विचारलं तर म्हणे "लोकल पार्टीला". ते कॅन्सल केलं, मगाहिंगा टाकतोय, एक दिवस वाढला. बूट कसले लागतील?

कंपालाकर:
घोट्याच्या वर येणारे. आणि बागकामाचे हातमोजे न्या, तिथलं एक झुडूप हाताला घासलं की तासभर आग होते.