मिउराचं इंजिन आणि गिअरबॉक्सचं तेल वेगळं करावं का?

आडवं_इंजिन

लॅम्बोर्गिनी मिउरा या इटालियन स्पोर्ट्स कारच्या इंजिनात आणि गिअरबॉक्समध्ये एकच तेल फिरतं. क्रँकला, चार कॅमशाफ्टना, गिअरच्या दात्यांना आणि डिफरन्शियलला, सगळ्यांना तेच. 1966 ते 1973 या काळात साडेसातशेच्या आसपास मिउरा बनल्या आणि त्यातल्या बहुतेक अशाच आहेत. एसव्ही या शेवटच्या मॉडेलच्या अगदी शेवटच्या काही गाड्यांत कारखान्याने दोन्ही तेलं वेगळी केली. आता रिस्टोरेशनला येणाऱ्या जुन्या पी400 आणि एस (आधीची दोन मॉडेलं) गाड्यांचं क्रँककेस, म्हणजे इंजिनचं मुख्य कवच, उघडून त्यांचंही तेल वेगळं करून घेतात. माझं मत: हे करू नये.

ही गाडी ज्यामुळे मिउरा झाली, त्याच गोष्टीला आपण हात घालतो आहोत. नोव्हेंबर 1965 मध्ये तुरिनच्या प्रदर्शनात लॅम्बोर्गिनीने नुसती चॅसी मांडली, वर बॉडी नव्हतीच. दुमडलेला पोलादी पत्रा, वजन कमी करायला त्याला जागोजागी पाडलेली भोकं आणि सीटांच्या पाठीमागे आडवं बसवलेलं व्ही12 इंजिन. 82 मिमी बोअर, 62 मिमी स्ट्रोक, 3929 सीसी. बारा सिलिंडरचं इंजिन गाडीच्या लांबीत ठेवून त्यामागे गिअरबॉक्स जोडला असता तर गाडी लांबलचक झाली असती. लॅम्बोर्गिनीचे इंजिनिअर जानपावलो दालारा आणि पावलो स्तान्झानी यांच्यासमोर ब्रिटिश मिनीचं उदाहरण होतं: इंजिन आडवं आणि गिअरबॉक्स त्याच्याच पोटात. मिउरात गिअरबॉक्स इंजिनच्या पाठीला आला, पण कास्टिंग (ओतीव कवच) एकच राहिलं. म्हणून व्हीलबेस अडीच मीटरच्या आसपास बसला. मार्च 1966 मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात बेर्तोने या बॉडी बनवणाऱ्या कंपनीची जी बॉडी आली, जेमतेम 105 सेंमी उंचीची, ती तिथला डिझायनर मार्चेल्लो गांदिनी याला काढता आली ती या मापांमुळेच. एकत्र तेल त्या एकाच कास्टिंगबरोबर आलं आहे. ते तोडायचं आणि वर गाडीला 'मूळ' म्हणायचं, हे मला पटत नाही.

दात्यांचा_आवाज

इतिहास बरोबर सांगितलात, निष्कर्ष पटला नाही. एका कास्टिंगमुळे गाडी आखूड झाली, एका तेलामुळे नव्हे. शेवटच्या एसव्हींनी तेच सिद्ध केलं: इंजिन तिथेच, गिअरबॉक्स तिथेच, बॉडीचं सौंदर्य तसंच, फक्त तेलाच्या वाटा वेगळ्या. गाडी एक इंचही वाढली नाही.

आता तेलाचं बोलू. पुष्कळ जण म्हणतात की गिअरला जाड तेल लागतं, म्हणून एकत्र तेल वाईट. ते चूक आहे. एसएई 90 चं गिअर ऑइल आणि 40 किंवा 50 ग्रेडचं इंजिन ऑइल 100 अंश सेल्सिअसला जवळपास सारख्याच जाडीचं असतं. दोन्हींचे आकडे वेगवेगळ्या मोजपट्ट्यांवरचे आहेत. खरी अडचण तीन ठिकाणी आहे.

पहिली, मल्टिग्रेड (थंड आणि गरम दोन्हींत चालणाऱ्या) तेलाची जाडी लांब साखळीच्या पॉलिमरवर टिकते आणि गिअरचे दाते त्या साखळ्या अक्षरशः कातरतात. 20डब्ल्यू-50 भरलं तरी काही हजार किलोमीटरनंतर गरम इंजिनात तेवढी जाडी उरत नाही, आणि बेअरिंगला ती हवी असते ती नेमकी तेव्हाच. दुसरी, सिंक्रोच्या (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी कड्यांच्या) झिजेची धूळ आणि दात्यांची कणी तेलातून पंपाकडे जाते. फिल्टर मोठे कण अडवतो, बारीक कण सगळेच नाही. तिसरी, लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एकच चाक मोकळं फिरू न देणारं डिफरन्शियल. त्याच्या प्लेटांना घर्षण जुळवणारं अॅडिटिव्ह लागतं, ते इंजिनच्या तेलात घालता येत नाही. कारखान्यानेही तेल वेगळं केलं त्यामागे हे कारण होतंच.

आपल्याकडच्या बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच तेलात चालतात, मग इथे काय बिघडलं, असंही विचारतात. त्या मोटरसायकलींची ताकद दहा-पंधरा हॉर्सपॉवर. इथे पी400 ला 350, एसला 370 आणि एसव्हीला 385. दात्यांवरचा दाबच वेगळा.

आडवं_इंजिन

पॉलिमर कातरले जातात हे मान्य. त्यावर उपाय साधा आहे: तेल लवकर बदला. या गाड्या वर्षाला हजार-दोन हजार किलोमीटर चालतात. दर 2000 किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा, यांपैकी जे आधी येईल तेव्हा तेल आणि फिल्टर दोन्ही बदलले तर जाडी टिकते. तेल खनिज 20डब्ल्यू-50, कॅमसाठी पुरेसं झिंक असलेलं. गिअरसाठी म्हणून त्यात जीएल-5 तेल मिसळणारे आहेत, ते मात्र घातक आहे. त्यातलं गंधक-फॉस्फरस गरम झालं की सिंक्रोचं पितळ खातं.

आणि प्रत्येक वेळी फिल्टर कापून बघा. डबा गोल कापायचा, आतला कागद सोडवून पांढऱ्या कापडावर घडी उलगडून पसरायचा आणि उन्हात धरायचा. पिवळी चमक दिसली तर ती सिंक्रोची झीज. चुंबकाला चिकटणारी करडी कणी दिसली तर दाते. चुंबकाला न चिकटणारी मऊ, मळकट रुपेरी पापुद्री दिसली तर बेअरिंग, आणि त्यानंतर गाडी सुरू करायची नाही. एकत्र तेलाच्या गाडीत हा एक कागद इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्हींची खबर देतो.

चार_वेबर

तुम्ही दोघं तेलावर भांडता आहात, पण मिउरा तेलापायी जळालेल्या नाहीत, पेट्रोलपायी जळाल्या आहेत. मूळ जपण्याची चर्चा करायची तर तिथून करा.

इंजिनवर वेबरचे चार 40 आयडीएल 3सी कार्ब्युरेटर, प्रत्येकाला तीन घसे (हवा आत जाण्याच्या नळ्या), म्हणजे बारा सिलिंडरला बारा. मुळात शर्यतीच्या कामाचे. फ्लोटची सुई (पेट्रोलची पातळी राखणारी झडप) नीट बसली नाही की पेट्रोल पातळीच्या वर चढतं आणि नोझलमधून घशात ठिबकतं. गाडी सिग्नलला उभी असताना ते साचतं, आणि पाय दाबल्यावर इंजिनने उलटी ठिणगी फेकली की वरच्या एअरबॉक्ससकट पेटतं. दुसरं ठिकाण रबरी पाइप. आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबराला आतून फुगवतं आणि तडे पाडतं. बाहेरून पाइप धडधाकट दिसतो. खाली तापलेला एक्झॉस्ट.

म्हणून गाडी 'शोरूममधून निघाली तशी' ठेवायची असेल तरी इथे मूळ पाइप ठेवणं म्हणजे आगीला आमंत्रण. हे एवढं करायलाच हवं:

पेट्रोलचे सगळे पाइप एसएई जे30 आर9 प्रतीचे, आणि त्यांवर बसवल्याची तारीख लिहून दर 5 वर्षांनी बदल. बँजो बोल्टचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर उघडले की नवे, जुने पुन्हा वापरायचे नाहीत. इलेक्ट्रिक पंपानंतर रेग्युलेटर, दाब 3 ते 3.5 पीएसआय, त्याहून जास्त झाला तर सुई पेट्रोल अडवू शकत नाही. धक्का बसला की पंप बंद करणारा इनर्शिया स्विच. इंजिनच्या खणात आपोआप फुटणारा अग्निशामक.

गाडी बरेच दिवस उभी असेल तर आधी एअरबॉक्सचं झाकण काढा, इग्निशन न लावता फक्त पंप अर्धा मिनिट चालवा आणि टॉर्च मारून बाराही घशांत बघा. एखाद्या नोझलमधून थेंब पडत असेल तर त्याच कार्ब्युरेटरचं झाकण उघडून सुई आणि फ्लोटची पातळी तपासा. कोरडं असेल तरच चावी फिरवा.

यातल्या एकाही गोष्टीने अॅल्युमिनियमला हात लागत नाही. सगळं एका दुपारी काढून मूळ पाइप परत बसवता येतात. मूळ जपण्याची माझी कसोटी हीच: परत फिरता येतं का?

दात्यांचा_आवाज

परत फिरण्याची कसोटी चांगली आहे, पण ती एकटी पुरत नाही. सुरुवातीच्या गाड्यांच्या चॅसीचा पत्रा 0.9 मिमी होता, नंतर तो 1 मिमी केला, कारण बारीक पत्र्याची चॅसी पिळवटत होती. आता मूळ 0.9 ची चॅसी गंजून तिला तडे गेले असतील तर जोड द्यावाच लागतो, आणि वेल्डिंग परत फिरवता येत नाही. तिथे कोणी अडत नाही. मग तेलाच्या बाबतीतच एवढा हट्ट का?

तोरिनो65

चॅसीच्या जोडाचं उदाहरण इथे लागू पडत नाही. गंजलेला पत्रा बदलणं म्हणजे त्याच जागी तसाच पत्रा घालणं. तेल वेगळं करणं म्हणजे 1967 च्या गाडीत 1972 चा विचार घालणं. मिउराचं आकर्षण मला त्या घाईत दिसतं. चॅसी दाखवून पाच महिनेही झाले नव्हते आणि जिनिव्हाला पूर्ण गाडी उभी होती. गांदिनी तेव्हा 27 वर्षांचा, दालारा आणि स्तान्झानी तिशीच्या आत, चाचणी घेणारा न्यूझीलंडचा बॉब वॉलेसही त्यांच्याच वयाचा. पुढचे दिवे फियाट 850 स्पायडरचे, झोपलेले, भोवती काळ्या पापण्या. एसव्हीत पापण्या गेल्या, मागची चाकं 9 इंच रुंद झाली, मागचं सस्पेन्शन बदललं. प्रत्येक मॉडेल म्हणजे त्या माणसांनी त्या वर्षी काय शिकलं त्याची नोंद आहे. पी400 ला एसव्हीची अक्कल दिली की ती नोंद पुसली.

याच न्यायाने पुढचं हलकं होणंही त्या गाडीचंच आहे. पेट्रोलची टाकी पुढे असल्यामुळे टाकी रिकामी होत जाते तसं जोरात असताना नाक उचलतं आणि स्टिअरिंग सैल पडतं. त्याला पुढे स्पॉयलर लावून भोकं पाडू नका. जोरात चालवायची तर टाकी भरून निघा, आणि सस्पेन्शन बसवताना नाक शेपटीपेक्षा किंचित खाली राहील असं बघा. एवढ्याने भागतं.

दात्यांचा_आवाज

नोंद म्हणून दहा गाड्या तशाच ठेवा, मी आडवा येणार नाही. ज्या गाड्या धावतात त्यांच्याबद्दल मी बोलतो. आणि काम नीट करायचं तर कसं, तेही सांगतो, कारण बहुतेक ठिकाणी ते अर्धवट होतं. दोन कप्प्यांमधल्या तेलाच्या वाटा बंद केल्या की काम संपलं असं समजतात. मधून जाणाऱ्या शाफ्टना सील लागतात. सील गळलं तर एक कप्पा भरतो, दुसरा रिकामा होतो आणि बाहेर जमिनीवर एक थेंबही दिसत नाही. म्हणून गिअरबॉक्सला स्वतःचा भरण्याचा बोल्ट, चुंबकाचा ड्रेन आणि पातळी बघायची स्वतंत्र सोय हवी. अॅल्युमिनियमला वेल्डिंग केल्यावर बेअरिंगच्या जागा वाकतात, तेव्हा लाइन बोअरिंग (बेअरिंगच्या जागा एका रेषेत आहेत का ते) मोजल्याशिवाय क्रँक बसवायचा नाही. पन्नासेक वर्षं तेल प्यायलेलं कास्टिंग वेल्डिंगला फुगे धरतं, ते आधी तापवून कोरडं करावं लागतं.

आडवं_इंजिन

तुम्हीच सांगितलेल्या या परिच्छेदामुळे माझं मत पक्कं झालं. लाइन बोअरिंग एकदा बिघडलं की त्या नंबरचं क्रँककेस गेलं, आणि तो नंबर जुळणं ही गाडीची अर्धी किंमत आहे. 'चार_वेबर' यांची कसोटी मी घेतो, पण एका अपवादासह: सलग तीन फिल्टर पिवळे आले आणि सिंक्रो बदलायला इंजिन-गिअरबॉक्स बाहेर काढावंच लागलं, तर वेल्डिंग न करता, मशीन केलेल्या आणि बोल्टने बसणाऱ्या झाकणांनी वाटा बंद करता येतात का ते बघा. येत नसतील तर नवे सिंक्रो घालून, तेल एकत्रच ठेवून, तसंच बंद करा.

दात्यांचा_आवाज

बोल्टच्या झाकणांवर मी तयार आहे. फक्त गॅस्केटऐवजी ओ-रिंग घाला, विटॉनची (उष्णता आणि तेल सोसणाऱ्या रबराची), आणि खाचेची खोली ओ-रिंगच्या जाडीच्या तीनचतुर्थांशाच्या वर ठेवा. गॅस्केट गरम-थंड होऊन सैल पडतं, आणि ते सैल पडलं हे कळायला पुन्हा सगळं उतरवावं लागेल.